परत बोलावलेली मोटार

सोनार दागिना घडवून देतो, गिऱ्हाईक तो घेऊन जाते, आणि चार वर्षांनी सोनारच निरोप धाडतो की, "तुमच्या गोफाचा फासा कच्चा राहिला आहे, घेऊन या, फुकट बदलून देतो." असा सोनार आपल्या पाहण्यात फारसा येत नाही. मोटारींच्या धंद्यात मात्र असे निरोप येतात. त्यालाच 'रिकॉल' म्हणतात. आपल्याकडे मोटार-कारखानदारांच्या संघटनेने जुलै २०१२ मध्ये ही पद्धत स्वेच्छेने सुरू केली. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आले आणि सदोष गाड्या परत बोलावण्याचा हुकूम काढण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला.

आता होते काय, की गाडीतला मूळ दोष जातो, पण गाडी घरी आली की डॅशबोर्डावर ओरखडा दिसतो, सीटवर काळ्या हाताचा ठसा उमटलेला असतो, आणि खड्ड्यातून जाताना कुठूनतरी टकटक ऐकू येते. मालक तक्रार करायला गेला तर उत्तर तयार असते : "अहो, काम फुकट केलंय ना तुमचं!" हे उत्तर कितपत खरे, ते पाहू.

उदाहरण घेऊ ताकाता कंपनीच्या एअरबॅगचे. १९३३ साली जपानात कापड विणण्यापासून सुरुवात केलेली ही कंपनी पुढे सीटबेल्ट आणि एअरबॅग करू लागली. टक्कर होताच पिशवी क्षणार्धात फुगावी म्हणून धातूच्या डबीत रसायन भरलेले असते. ताकाताने त्यासाठी अमोनियम नायट्रेट वापरले. वर्षानुवर्षे ऊन आणि दमट हवा खाऊन ते बिघडते, मग ठरल्यापेक्षा जोराने जळते, डबी फुटते आणि तिचे तुकडे समोर बसलेल्याच्या अंगात घुसतात. एकट्या अमेरिकेत पंचवीसहून अधिक माणसे यात दगावली, आणि तिथे सुमारे ६ कोटी ७० लाख एअरबॅगा परत बोलवाव्या लागल्या. जून २०१७ मध्ये कंपनीने दिवाळे काढले. भारतातही होंडाने याच कारणासाठी जुन्या सिटी, जॅझ, अकॉर्ड गाड्या परत बोलावल्या. दमट उकाडा म्हणजे काय, हे कोकणपट्टीतल्या माणसाला सांगायला नकोच.

ड्रायव्हरपुढची एअरबॅग स्टिअरिंगच्या मधोमध असते. ती काढायला त्या मानाने सोपी. शेजारच्या सीटपुढची मात्र डॅशबोर्डाच्या पोटात बसवलेली. तिथे पोचायचे तर निदान ग्लव्ह बॉक्स उतरवावा लागतो, काही गाड्यांत आजूबाजूच्या पट्ट्या आणि झाकणेही. ही झाकणे स्क्रूपेक्षा प्लॅस्टिकच्या क्लिपांवरच जास्त अडकवलेली असतात. नव्या गाडीत क्लिप लवचिक असते. आठ-दहा वर्षे उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत ती पापडासारखी होते. ओढली की कडकन तुटते. तुटलेल्या क्लिपेच्या जागी नवी घातली तर प्रश्न मिटला. न घालता झाकण नुसते दाबून बसवले, की ती टकटक सुरू होते. झाकण उचकटायला प्लॅस्टिकची पट्टी मिळते. तिच्याऐवजी लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर खुपसला की कडेला खाच पडलीच म्हणून समजा.

मेकॅनिकला शिव्या देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण रिकॉलच्या कामाचे पैसे कारखानदार डीलरला देतो ते ठरावीक वेळेच्या हिशेबाने, आणि एका रिकॉलमध्ये हजारो गाड्या दारात येतात. घाईला आमंत्रण त्या हिशेबातच आहे. ही सबब मात्र डीलरने कारखानदाराला ऐकवावी. गिऱ्हाइकाने ती का ऐकून घ्यायची?

कारण कायदा वेगळे सांगतो. आपली वस्तू कामासाठी दुसऱ्याच्या हवाली केली, की १८७२ च्या करार कायद्याचे कलम १५१ लागू होते. शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी त्याने घेतली पाहिजे. मोबदला मिळाला की नाही, यावर ही काळजी कमी-जास्त होत नाही. शिवाय रिकॉल फुकट कसला? दोष कारखान्यातला, आणि निर्दोष गाडीची किंमत तर आपण पहिल्याच दिवशी मोजलेली!

पण हे सिद्ध करायला पुरावा लागतो, आणि तिथेच बहुतेकांचे घोडे पेंड खाते. गाडी देण्याआधी डॅशबोर्ड, दारांच्या आतल्या बाजू, सीटा, छताचे कापड यांचे फोटो मोबाइलवर काढून ठेवावेत. आधीचे ओरखडे जॉब कार्डावर लिहून घ्यावेत. आपलेच ओरखडे आपण नोंदवून घेतले, की पुढचे त्यांच्या नावावर चढतात. परत घेताना वर्कशॉपच्या आवारातच, उजेडात, गाडी आतून पाहावी. ग्लव्ह बॉक्स उघडून मिटून बघावा. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो जळतच राहिला तर गाडी तिथेच ठेवावी. काही खटकले तर सही करण्यापूर्वी त्याच कागदावर लिहावे.

या भीतीपोटी काही जण रिकॉलला जायचेच टाळतात. हे मात्र कृपा करून करू नका. होंडाच्या २००१ ते २००३ च्या काही गाड्यांतल्या डब्या चाचणीत निम्म्यापर्यंत फुटण्याची शक्यता आढळली, असे अमेरिकन सरकारच्या वाहन-सुरक्षा खात्याने २०१६ मध्ये जाहीर केले होते. ओरखडा भरून निघतो हो!

टकटक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू झाली तरी हक्क गेला असे नाही. डीलरला लेखी कळवावे, त्याची प्रत कारखानदाराला पाठवावी. दोघेही दाद देईनात तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तिथे तक्रार दोन वर्षांच्या आत नोंदवावी लागते, वकील लावलाच पाहिजे असे नाही.