बुडी, कानाचा पडदा आणि एक बारीक छिद्र

उन्हाळ्याच्या सुटीत माधवनगरच्या आसपासची मुले विहिरीत पोहायला शिकतात. थोडे धाडस आले की तळाचा खडा वर आणण्याची पैज लागते. अशाच एका पैजेनंतर आठवीतल्या मुलाने विचारले, “सर, पाणी जाऊ नये म्हणून कानात मेणाचा घट्ट बोळा घातला होता. तरी खाली गेल्यावर कान जास्तच दुखला. असं का?”

प्रश्न साधा आहे, पण उत्तर नीट समजले नाही तर कानाचा पडदा फाटू शकतो.

पाण्यात दर १० मीटर खोलीला दाब सुमारे १ वातावरणाने वाढतो. म्हणजे ३ मीटर खोल विहिरीत तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३०० ग्रॅमने जास्त असतो. कानाच्या पडद्याचे क्षेत्रफळ साधारण अर्धा चौरस सेंटिमीटर धरले, तरी त्यावर दीडशे ग्रॅमचे वजन ठेवल्यासारखे होते! पडद्याच्या आत मध्यकर्णात हवा असते. तिथून एक नळी घशात उतरते. तिला युस्टेशियन नलिका म्हणतात. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हळूच फुंकले की या नळीतून हवा आत जाते आणि दोन्ही बाजूंचे दाब सारखे होतात. ही युक्ती इटलीच्या वल्साल्वा यांनी १७०४ साली आपल्या ग्रंथात वर्णन केली.

आता घट्ट बोळ्याचा विचार करा. बोळा आणि पडदा यांच्यामध्ये जमिनीवरचीच हवा कोंडून राहते. पाणी बोळ्याला आत रेटते; म्हणून कान दुखतो. नाक धरून फुंकले, तर मध्यकर्णातला दाब वाढतो, पण बाहेरच्या पोकळीतला वाढत नाही. पडदा बाहेरच्या बाजूला फुगतो! म्हणून पृष्ठभागावर पोहताना चालणारा बोळा बुडी मारताना घातक ठरतो.

मालवणच्या समुद्रात स्कूबा करणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे. ज्यांना कानात पाणी खेळलेले सोसत नाही, त्यांच्यासाठी मऊ पदार्थाचे, आरपार बारीक छिद्र असलेले बोळे मिळतात. समजा, बोळ्यामागे अर्धा मिलिलिटर हवा आहे. १० मीटरवर दाब दुप्पट होतो; बॉइलच्या नियमाप्रमाणे हवा पाव मिलिलिटर उरते. रिकाम्या जागेत छिद्रातून पाणी शिरते. जेमतेम पाच थेंब! दाब सारखा होतो, पण थंड पाणी सतत आतबाहेर खेळत नाही. वर येताना फुगणारी हवा ते पाणी बाहेर ढकलते.

वर्गात करून पाहा

प्लास्टिकची बाटली पाण्याने काठोकाठ भरा. काचेच्या ड्रॉपरमध्ये थोडे पाणी घेऊन तो जेमतेम तरंगेल असा आत सोडा. झाकण लावून बाटली दाबा. ड्रॉपरच्या बारीक तोंडातून पाणी आत चढते आणि ड्रॉपर बुडतो. हात सैल केला की पाणी उतरते, ड्रॉपर वर येतो. ड्रॉपरचे तोंड म्हणजेच आपल्या बोळ्याचे छिद्र.

बसवताना

बोळा आपल्या मापाचा हवा: मोठा असेल तर टोचतो, लहान असेल तर निसटतो. उजवा-डावा वेगळा असल्यास खूण पाहावी. छिद्र उजेडासमोर धरून तपासावे. मळाने बुजलेले छिद्र म्हणजे पुन्हा घट्ट बोळाच. बोळा ओला करावा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर व मागे ओढावी आणि हलकेच बसवावा. खोल रेटू नये. वापरल्यावर साबणाच्या पाण्याने धुवावा.

मात्र छिद्र पडद्याच्या बाहेरची बाजूच सांभाळते. आतली बाजू आपणच सांभाळायची: उतरायला लागल्यापासून, कान दुखण्याआधीच, वरचेवर नाक धरून हळू फुंकायचे. दाब सुटला नाही तर थोडे वर यायचे. जोर लावायचा नाही. सर्दी असताना नळी सुजलेली असते, तेव्हा बुडी नकोच. आणि पडद्याला भोक असणाऱ्याला हा बोळा वाचवू शकत नाही, कारण पाणी थोडे तरी आत जातेच.

त्या मुलाला मी एवढेच सांगितले, “कान दुखला की खडा तिथेच राहू दे. खडा उद्याही तिथेच असेल.”