डोक्यातली प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. 'मेनिन्जिओमा' म्हणजे काय, समजून घ्या

'डोक्यात गाठ आहे' असं डॉक्टर म्हणाले की घरच्यांच्या पायाखालची जमीन सरकते. कॅन्सरच असणार असं धरून कुणी जमीन विकायला काढतं, कुणी उपचारच सोडून देतं. पण डोक्यातली प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते.

ही गाठ कुठे होते?
कवटीच्या आत मेंदूभोवती तीन पातळ आवरणं असतात. या आवरणातून वाढणाऱ्या गाठीला मेनिन्जिओमा म्हणतात. हे नाव अमेरिकेतले सर्जन हार्वे कुशिंग यांनी १९२२ साली दिलं. यातल्या बहुतेक गाठी साध्या असतात आणि हळूहळू वाढतात. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये त्या जास्त आढळतात.

साधी आहे, मग धोका कसला?
बांधावरचं झाड पिकात नसतं, पण वाढलं की पिकाला त्रास देतंच. तसंच इथे होतं. कवटी हाडाची, तिला फुगता येत नाही. गाठ वाढली की मेंदू दाबला जातो.

लक्षणं कोणती?
- वाढत जाणारी डोकेदुखी
- मोठ्या वयात पहिल्यांदाच फिट येणे
- एका बाजूचा हातपाय कमजोर होणे
- नजर कमी होणे, वास न येणे
- स्वभाव किंवा वागणं बदलणे

हे सगळं हळूहळू होतं, म्हणून 'वय झालं' किंवा 'चष्म्याचा नंबर वाढला' म्हणून सोडून दिलं जातं. फिट आली तर कांदा, चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. माणसाला कुशीवर वळवा. फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर लगेच १०८ ला फोन लावा.

उपचार काय?
सीटी स्कॅन किंवा एमआरआय केल्यावर गाठ दिसते. लहान असेल आणि त्रास नसेल तर डॉक्टर ठराविक महिन्यांनी एमआरआय करून नुसती नजर ठेवतात. मोठी असेल तर ऑपरेशन करतात आणि काढलेला तुकडा तपासून ती साधी आहे की नाही ते पक्कं करतात. अवघड जागी असेल किंवा थोडी उरली असेल तर रेडिएशन देतात. ही गाठ पुन्हा होऊ शकते, म्हणून नंतरच्या तपासण्या चुकवू नका. जडीबुटीने ती विरघळत नाही. फिटच्या गोळ्याही मनाने बंद करू नका.

खर्चाचं काय?
महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदूच्या शस्त्रक्रियाही येतात. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र असतो. रेशन कार्ड, आधार कार्ड घेऊन आधी त्याला भेटा. जमीन विकायचा विचार त्यानंतर करा.