शिपाई बुलबुल आणि घाणेरी : पावणेतीन शतकांचा मागोवा

शिपाई बुलबुल हा दक्षिण आणि आग्नेय आशियातील रानाच्या कडेने राहणारा गाणारा पक्षी, तर घाणेरी हे मूळचे उष्ण अमेरिकेतील झुडूप. लिनियस यांनी घाणेरीला १७५३ मध्ये आणि या बुलबुलाला १७५८ मध्ये शास्त्रीय नाव दिले. पुढे माणसाच्या हौसेने दोघांनाही मायभूमीबाहेर नेले.

१९व्या शतकाच्या आरंभी घाणेरी शोभेचे झुडूप म्हणून कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आली. रंगीत फुलांच्या गुच्छांमुळे ती बागांत आणि कुंपणांवर लागली व तेथून रानात शिरली. बुलबुलाचा प्रवास उलट दिशेने झाला. काळा तुरा, गालावरचा लाल ठिपका आणि गोड आवाज यांमुळे तो पिंजऱ्यात पाळला गेला. १८८० च्या सुमारास तो सिडनीत पोहोचला, १८९२ मध्ये मॉरिशसला. १९६० च्या सुमारास फ्लोरिडातही मोकळा झाला.

दोघांच्या वाढीची रीत वेगळी आहे. बुलबुलाची मादी एका वेळी दोन-तीन अंडी घालते आणि बरीच पिल्ले शत्रूंच्या तोंडी पडतात. घाणेरी मात्र वर्षाचा बराच काळ फुलते-फळते आणि तोडली तरी बुंध्यातून पुन्हा फुटते. तिचा पाला गुरांना विषारी असतो. तिला चालता येत नाही. ती उणीव पक्षी भरून काढतात. बुलबुल तिची पिकलेली काळसर फळे गिळतो आणि बी विष्ठेतून दूर पडते. वड-उंबराच्या बियाही तो अशाच पेरतो, तेव्हा रान वाढते. सिडनीच्या परिसरात तर पाहुणा पक्षी पाहुण्या घाणेरीचे बी पसरवतो.

घाणेरी आवरण्यासाठी भारतात १९२१ मध्ये तिच्या फळांवर वाढणारी माशी आणि १९४१ मध्ये पाने शोषणारा कीटक आणला गेला. दोन्ही उपाय अपुरे पडले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने व्याघ्र-अधिवासातील सुमारे १,५४,००० चौरस किलोमीटर क्षेत्र तिने व्यापल्याचा अंदाज मांडला. आता झुडूप मुळाच्या माथ्यासह उपटतात, मोकळ्या जागी स्थानिक गवत व झाडे लावतात आणि पक्षी बसतात त्या झाडांखालची नवी रोपे काढत राहतात. बुलबुलाला खायला रानातलीच फळे मिळाली, तर त्याची पेरणी पुन्हा रानाच्या कामी येते.