सवतीमत्सर की सनदांचा बाजार?

करवीरच्या गादीचा इतिहास सांगताना महाराणी ताराबाई आणि राजसबाई यांच्या वैराला ‘सवतीमत्सर’ म्हणून निकालात काढण्याची प्रथा जुनी आहे. हे स्पष्टीकरण सोयीचे आहे. पण ते पुरेसे नाही.

राजाराम महाराज १७०० मध्ये सिंहगडावर निवर्तले. हंबीरराव मोहित्यांच्या कन्या ताराबाई यांनी आपल्या अल्पवयीन पुत्राला, शिवाजीला, गादीवर बसवून सात वर्षे औरंगजेबाशी झुंज दिली. १७०७ मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून सुटले आणि एका राज्याला दोन धनी झाले. खेडच्या लढाईत सेनापती धनाजी जाधव शाहूंना मिळाले. ताराबाईंना पन्हाळा-कोल्हापुरात वेगळी गादी मांडावी लागली. १७१४ मध्ये तेथेही पारडे फिरले. राजसबाईंचे पुत्र संभाजी छत्रपती झाले आणि ताराबाई पुत्रासह कैदेत पडल्या.

दोन स्त्रियांच्या मत्सराने एवढे घडते काय? मोठ्या पातीचा हक्क श्रेष्ठ, की राज्य राखणाऱ्याचा, याचा निर्विवाद नियम नव्हता, हे पहिले कारण. दुसरे कारण वतनाचे. जिंजीच्या धामधुमीत खजिना रिता असल्याने सरदारांना वतने व सरंजाम देऊन राखावे लागले. सनद देणारा धनी टिकला तरच सनद टिकणार. म्हणून प्रत्येक सरदार जिंकणारा पक्ष शोधू लागला. दावेदार जितके अधिक, तितका निष्ठेचा भाव चढा. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांविषयी दिलेला इशारा या पार्श्वभूमीवर वाचावा.

युरोपातही याहून वेगळे घडले नाही. फ्रँक राजा क्लोव्हिस ५११ मध्ये वारल्यावर त्याचे राज्य चार पुत्रांत वाटले गेले. पुढे त्याचे नातू सिगिबर्ट व चिल्पेरिक यांनी स्पेनच्या राजाच्या दोन मुली वरल्या. चिल्पेरिकची राणी गाल्सविंथा हिचा गळा दाबून खून झाला आणि त्याने फ्रेडेगुंडशी विवाह केला. गाल्सविंथाची बहीण ब्रुनहिल्डा व फ्रेडेगुंड यांचे वैर इतिहासात गाजले. सिगिबर्ट ५७५ मध्ये, तर चिल्पेरिक ५८४ मध्ये मारेकऱ्यांच्या हातून मेला. वृद्ध ब्रुनहिल्डेला ६१३ मध्ये हालहाल करून ठार मारण्यात आले. परंतु गाल्सविंथेला लग्नात स्त्रीधन म्हणून पाच नगरे मिळाली होती. त्यांच्या मालकीचा वाद ५८७ च्या आंदेलो येथील तहापर्यंत चालला, हे सहसा कोणी सांगत नाही.

करवीरचा हिशेबही तोट्याचाच ठरला. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा व कोल्हापूर ही दोन राज्ये कायम झाली. १७५० मध्ये ताराबाईंनी रामराजांना साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले. पण तोवर खरी सत्ता पेशव्यांच्या हाती गेली होती. घरच्यांनी गादीसाठी भांडावे आणि कारभाऱ्याने राज्य चालवावे, असा हा शेवट.

राजवाडे गेले, पण हा दृष्टिदोष गेला नाही. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातील मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क मिळाला. तरीही बहिणीने हक्कसोडपत्रावर सही केली तर ती मायाळू आणि वाटा मागितला तर घर फोडणारी ठरते. भावाच्या मागणीला मात्र ‘हिस्सा’ म्हणतात. जमिनीच्या तंट्याला बायकांच्या स्वभावाचे नाव दिले, की वाटणीचा न्याय पाहण्याची गरज उरत नाही. ताराबाईंच्या चरित्रातून एवढा बोध घेतला तरी पुष्कळ झाले.