रीफ टँकमधली कीड: दगड उकळू नका

मागच्या भागात आपण पाण्याची क्षारता पाहिली, आज कीड पाहू. इंदूरच्या एका प्रेक्षकांनी फोटो पाठवून विचारलं, "सर, दगडावर ही तपकिरी फुलं उगवलीत. दगड बाहेर काढून गरम पाण्यात उकळला तर चालेल का?" त्याच दगडावर झोआंथिड, म्हणजे आपण ज्यांना 'झोआ' म्हणतो, त्यांची वसाहत होती. मी त्यांना ताबडतोब फोन लावला.

आधी त्याचं कारण सांगतो. काही झोआंमध्ये, विशेषतः पॅलिथोआ प्रकारात, पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. १९७१ मध्ये हवाई बेटांवरच्या पॅलिथोआतूनच ते प्रथम वेगळं काढलं गेलं. निसर्गातल्या अत्यंत जहाल विषांत त्याची गणना होते आणि त्यावर उतारा नाही. दगड उकळला, त्यावर गरम पाणी ओतलं किंवा ब्रशने खसाखसा घासला, तर ते वाफेतून आणि तुषारांतून हवेत येतं. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरमध्ये टाकीतलं प्रवाळ साफ करताना अख्खं कुटुंब रुग्णालयात पोचलं होतं. तोंडात धातूसारखी कडवट चव, खोकला, धाप, थंडी वाजून ताप अशी लक्षणं दिसतात. डोळ्यात उडालं तर बुबुळाला इजा होते. म्हणून झोआ हाताळताना हातमोजे आणि बंद गॉगल हवाच, मुलं त्या खोलीत नकोत. त्रास झालाच तर मोकळ्या हवेत या, दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना 'पॅलिटॉक्सिन' हा शब्द स्पष्ट सांगा. साधा ताप समजून घरी बसू नका.

आता ती तपकिरी फुलं. ती एप्टेशिया, एक प्रकारचं समुद्रफूल. लांब देठ, अर्धपारदर्शक अंग, टोकदार बारीक शुंडके, आणि काडी लावली की क्षणात दगडाच्या फटीत गुडूप. शेजारच्या प्रवाळाला डंख करून ते जागा बळकावतं. चिमट्याने ओढलं किंवा ब्लेडने खरवडलं, की तळाचा तुकडा मागे राहतो आणि त्यातून नवीन समुद्रफूल उभं राहतं. एकाची पाच होतात. हा शत्रू मारून वाढतो, असं मी गमतीने म्हणतो.

त्यावर इलाज म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, आपला विड्याच्या पानाला लावायचा चुनाच. मात्र पानवाल्याकडची डबी आणू नका, त्यात काय मिसळलंय सांगता येत नाही. अक्वेरियमसाठी मिळणारी शुद्ध पूड आरओच्या पाण्यात घट्ट दह्यासारखी कालवा. टाकीतले पंप बंद करा. सिरिंजने ती पेस्ट उमललेल्या एप्टेशियाच्या तोंडावर हळूच सोडा. घाईने टोचलंत तर ते मिटेल. पंधरा मिनिटांनी पंप सुरू करा. एका दिवसात चार-पाचच घ्या, कारण चुन्याने पाण्याचा पीएच चढतो. चुना कातडी जाळतो, तेव्हा हातमोजे इथेही लागतील.

पेपरमिंट कोळंबी एप्टेशिया खाते, पण प्रत्येक कोळंबी खातेच असं नाही. दुकानात तिच्या नावाखाली कॅमल कोळंबी गळ्यात मारली जाते, तिथे डोळे उघडे ठेवा. कॅमलच्या पाठीला कुबड असतं, अंगावर लाल-पांढरी ठळक नक्षी असते, आणि ती तुमचे झोआच फस्त करते. कुठल्याही किडीवर तांब्याचं औषध मात्र प्रवाळाच्या टाकीत कधीच टाकू नका. कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ सगळेच जातील.

दुसरी कीड जास्त लबाड आहे. झोआ खाणारी न्यूडीब्रँक ही कवच नसलेली समुद्री गोगलगाय. ज्या झोआ खाते त्यांचाच रंग तिच्या अंगावरच्या झालरीत उतरतो, त्यामुळे दिवसा समोर असून दिसत नाही. तीन-चार झोआ अनेक दिवस मिटलेल्या दिसल्या, तर दिवे गेल्यावर तासा-दोन तासांनी लाल टॉर्च लावून टेहळणी करा. अंडी पांढुरक्या वेटोळ्यासारखी झोआंच्या देठाशी किंवा प्लगखाली असतात.

आयोडीनच्या किंवा तयार कोरल डिपच्या द्रावणात, बाटलीवरच्या प्रमाणानुसार, प्रवाळ बुडवलं की गोगलगायी गळून पडतात. अंड्यांना बहुधा काही होत नाही. इथेच बहुतेकांची मोहीम फसते, कारण एक डिप देऊन लोक निर्धास्त होतात आणि आठवड्याने नवी फौज हजर. म्हणून डिप दर पाच-सात दिवसांनी, तीन-चार आठवडे चालू ठेवा. दिसतील ती अंडी चिमट्याने काढा. डिपचं पाणी टाकीत परत ओतू नका.

हे सगळं मऊ प्रवाळाबद्दल चाललंय, कारण आपल्याकडचे कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. मालवण, अंदमान, लक्षद्वीप, कुठेही किनाऱ्यावर पडलेला तुकडासुद्धा खिशात घालू नका.

शेवटी नाकेबंदी. तीस-चाळीस लिटरची साधी टाकी, हीटर, छोटा पंप आणि दिवा एवढं पुरतं. नवा फ्रॅग आणला की आधी डिप, मग त्याचा जुना प्लग काढून फेकून द्या आणि नवीन लावा. मग चार आठवडे वेगळ्या टाकीत. शेवटच्या डिपमध्ये भांड्याच्या तळाशी काही पडलं नाही, तरी आणखी एक आठवडा थांबा आणि मगच तो मोठ्या टाकीत सोडा.