छोट्या रंगमंचांचे ऋण

वाल्ट्राउड मायर या जर्मन ऑपेरा-गायिकेचे नाव जगभर झाले ते 1983 साली, बायरॉइटच्या महोत्सवात तिने वाग्नरच्या ‘पार्सिफाल’मधील कुंड्री साकारल्यानंतर. परंतु तिची पाठशाळा निराळी होती. 1976 मध्ये व्युर्त्सबुर्ग या जन्मगावच्या नाट्यगृहात तिने पदार्पण केले. पुढे मानहाइम व डॉर्टमुंड येथे ती नोकरीस होती. पगारी गायकांचा कायम संच बाळगणारी अशी नाट्यगृहे जर्मनीतील अनेक मध्यम शहरांत आहेत. त्यांचा बहुतांश खर्च तिकीटविक्रीतून नव्हे, तर राज्य व नगरपालिकांच्या अनुदानातून भागतो. नामवंत गायिकेमागे सामान्य करदाता उभा असतो, तो असा.

तथापि या व्यवस्थेला दुसरी बाजूही आहे. गायकाचा करार मुदतीचा असतो. वेळेत नकार न आल्यास तो वर्षभर वाढतो. एकाच नाट्यगृहात पंधरा वर्षांहून अधिक सेवा झाली की मात्र नोकरीला संरक्षण मिळते. परिणामी त्यापूर्वीच अनेकांना निरोप दिला जातो. चाळिशी ओलांडलेल्या, नाव न झालेल्या गायकाने मग जावे कोठे? संरक्षणाचा नियमच गच्छंतीचे निमित्त ठरत असेल, तर त्याचा फेरविचार व्हावयास नको काय?