थकलेल्या पुलाचं उरलेलं आयुष्य

चिरनेरच्या एका वाचकाचा प्रश्न आलाय. भाईंदर-नायगावच्या मध्ये वसईच्या खाडीवर नव्या रेल्वेपुलांशेजारी त्यांनी जुना पूल पाहिला होता. ज्यानं वर्षानुवर्षं गाड्या पेलल्या, त्याला माणसं जड व्हावीत का?

वजनाचंच बघायचं तर मुळीच नाही. मालगाडीचं डब्ल्यूएजी-९ इंजिन १२३ टनांचं, लांबी साधारण साडेवीस मीटर. म्हणजे मीटरमागे ६ टन. चार मीटर रुंद वाटेवर जत्रेची दाटी धरली, चौरस मीटरला ५०० किलो, तरी मीटरमागे २ टनच भरतात.

पण पूल ‘थकतो’ म्हणतात, ते खोटं नाही. तार पुन्हा पुन्हा मागेपुढे वाकवली की तुटते, तसंच हे. १८४२ साली व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस असाच तुटला आणि पन्नासहून अधिक माणसं दगावली. या थकव्याचं कोडं चिकाटीनं सोडवलं ते प्रशियाच्या रेल्वेतल्या आउगुस्ट व्होलरनं. यंत्रावर आस लाखो वेळा फिरवून त्यानं दाखवलं, की धातू थकतो तो मुख्यतः ताणाच्या चढउतारानं. चढउतार पुरेसा लहान असेल, तर पोलाद जवळजवळ थकतच नाही. आपल्या शाळेच्या पुस्तकांत या माणसाला जागा मिळायलाच हवी! आजचा ढोबळ हिशेब सांगतो, की चढउतार एक तृतीयांशावर आला तर जोडांचं आयुष्य सुमारे २७ पट वाढतं. माणसांना चालण्यासाठी वर टाकलेल्या काँक्रीटच्या लाद्यांचं वजन कायमचं असतं, त्यानं चढउतार होत नाही.

म्हणूनच अमेरिकेत हडसन नदीवरचा पोकिप्सीचा १८८९ सालचा रेल्वेपूल, १९७४च्या आगीनंतर बंद पडलेला, २००९ साली पादचाऱ्यांसाठी उघडता आला. लांबी दोन किलोमीटर, पाण्यापासून उंची ६५ मीटर. त्र्यंबकेश्वरला उगम पावलेल्या गोदावरीवर राजमहेंद्रीला १९०० सालचा हॅवलॉक पूल आहे. १९९७ पासून त्यावरून गाडी गेलेली नाही. तिथंही लोकांना चालता यावं अशी योजना आहे.

खाडीवर खरा वैरी गंज. रिवेटनं जोडलेल्या दोन पट्ट्यांमधल्या फटीत खारं पाणी साचतं, तिथं रंगाचा ब्रश पोचत नाही. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे तो पट्ट्या आतून फाकवतो. खाली भरती-ओहोटी खांबांच्या पायथ्याची माती उकरत राहते. तेव्हा ‘पूल जुना झाला’ एवढं सांगून भागणार नाही. कुठलाही पूल मोडीत काढण्याआधी अल्ट्रासोनिकनं मोजलेली पट्ट्यांची जाडी आणि खांबांच्या पायथ्याचा पाणबुड्यांचा अहवाल रेल्वेनं लोकांपुढे ठेवावा.